चित्रकलेच्या सरांचं वर्षश्राद्ध आणि ट्रंकांमधली शेकडो चित्रं: काय करावं?

तिवंधेकर

नमस्कार मंडळी.

आमचे चित्रकलेचे सर गेल्या श्रावणात गेले. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, झाल्याझाल्या जुन्या नाशकातल्या एका शाळेत लागले आणि त्याच शाळेतून निवृत्त झाले. नाव लिहीत नाही, काकूंना ते आवडणार नाही. येत्या श्रावणात वर्ष होईल. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय, पण नेमकं काय यावर आमचं एकमत होत नाहीये. म्हणून इथे विचारतोय.

सरांचा शहरात चित्रकार म्हणून गाजावाजा नव्हता. गोदाघाट म्हटलं की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे शिवाजी तुपे यांची जलरंगातली चित्रं येतात, आणि ते योग्यच आहे. सर त्यांना फार मानायचे. स्वतः मात्र प्रदर्शनाच्या वाटेला कधी गेले नाहीत. रविवार उजाडला की बोर्ड, शबनम आणि पाण्याची बाटली घेऊन गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर. नारोशंकराचं देऊळ, सांडव्यावरची देवी, यशवंतराव महाराज पटांगण, दुतोंड्या मारुती, तांबट आळी. वर्षानुवर्षं त्याच जागा. मी एकदा विचारलं होतं, "सर, नारोशंकर तर आता पाठ झालं असेल ना?" तर म्हणाले, "पाठ झालं की चुकतं. बघूनच काढायचं."

त्या देवळाचा दगड काळा, पण सरांच्या पॅलेटवर काळा रंग नसायचाच. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एकत्र करायचे. उन्हाच्या अंगाला सिएना जास्त, सावलीत निळा जास्त. चार पावलं मागे जाऊन बघितलं की तो काळा दगड उन्हात तापलेला आहे हे कळायचं. आम्ही पोरं कॅम्लिनच्या वड्यांमधला काळा थेट ब्रशावर घ्यायचो. त्यांनी कधी हात धरून अडवलं नाही. फक्त खिडकीत नेऊन समोरच्या वाड्याची भिंत दाखवायचे आणि विचारायचे, "यात काळा कुठाय, मला दाखव."

आणि बांगडी. ही गोष्ट आमच्या वर्गातला प्रत्येक जण सांगेल. वस्तुचित्रात, म्हणजे समोर ठेवलेली वस्तू बघून काढायच्या चित्रात, आम्ही सगळे तांब्याचं तोंड छान लंबगोल काढायचो आणि बूड मात्र पट्टीने मारल्यासारखं सरळ. तांब्या टेबलावर ठेवलाय, टेबल सपाट आहे, मग बूड सरळच की! सरांनी खिशातून काकूंची हिरवी काचेची बांगडी काढली, दोन बोटांत आडवी धरली आणि माझ्या डोळ्यांसमोर आणली. "काय दिसतंय?" म्हटलं, "रेघ." मग ती हळूहळू खाली नेली. रेघ उघडत गेली, आधी चिंचोळी, मग चांगली फुगीर. "तांब्याचं तोंड डोळ्यांपासून किती खाली? बूड किती खाली? मग कोण जास्त उघडणार?" बस. मी आज एका पतसंस्थेत नोकरी करतो, चित्र काढून जमाना झाला. पण चहाचा कप टेबलावर आला की मी अजून त्याचं बूड बघतो.

आता अडचण सांगतो. सरांचा वाडा पाडायचाय. पावसाळ्याआधी खाली करायचा आहे. काकू मुलाकडे इंदिरानगरला जातील, तिथे दोन खोल्या. वाड्यात सरांची चित्रं तीन पत्र्याच्या ट्रंकांमध्ये, पलंगाखाली आणि माळ्यावर आहेत. चारशेच्या वर असतील. काही हँडमेड कागदावर, बरीच साध्या कार्ट्रिज कागदावर. पेनने केलेल्या रेखाटनांच्या वह्या वेगळ्याच. बऱ्याच चित्रांवर कोपऱ्यात तारीख आणि वेळसुद्धा आहे. 2008च्या सप्टेंबरचा आणि 2019च्या ऑगस्टचा पूर, दोन्ही आहेत त्यात. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलं होतं ते बघून काढलेलं. काही कागदांवर तपकिरी ठिपके पडलेत, काहींना बुरशीचा वास येतोय. दोन-तीन चित्रं कुणीतरी प्रेमापोटी लॅमिनेट करून आणली होती, ती फुगलीत.

ग्रुपवर तीन मतं आहेत. एक, सरांच्या नावाने दरवर्षी पुरस्कार. दोन, वर्षश्राद्धाला हॉल घेऊन सगळ्या चित्रांचं प्रदर्शन. तीन, पुस्तक. पैसे थोडे जमलेत, या तिन्हींपैकी एकच होईल इतके. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "नाव कुठं लावायचं ते लावा नाहीतर नका लावू, कागद तेवढे वाचवा."

यातलं आधी काय करावं? आणि कागद वाचवायचे म्हणजे नेमकं काय करायचं? जाणकारांनी सांगावं.

फ्रेमवाला

दादा, आमचा घरचाच फ्रेमिंगचा धंदा, वडिलांपासूनचा. काकूंचं ऐका, सगळ्यात आधी तेच. बाकीचं नंतर होतं, कागद एकदा गेला की गेला.

ट्रंका उघडल्या की पहिलं काम निवडानिवडीचं. बुरशीचा वास येणारे कागद आजच वेगळे करा, चांगल्यांत एकही राहू देऊ नका. त्यांना ओलं फडकं लावायचं नाही. बुरशी पुसली की ती कागदात आणखी आत जाते आणि जलरंगही उठतो. सावलीत, वारा खेळता राहील अशा खोलीत सुटे पसरून ठेवा, पंखा लांबून. उन्हात अजिबात नाही. पूर्ण कोरडे झाले की मऊ कोरड्या ब्रशने हलक्या हाताने, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून झटकायचे. जिथे रंगावरच बुरशी चढलीय तिथे काहीही करू नका. ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राला दाखवा. ते लोक हेच काम करतात.

तपकिरी ठिपक्यांचं म्हणाल तर बरेचदा दोष पाठीमागच्या पुठ्ठ्याचा असतो. स्वस्त पुठ्ठ्यात आणि वर्तमानपत्रात आम्ल असतं, ते वर्षानुवर्षं कागदात उतरत राहतं. म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून नेऊ नका, वाडा खाली करण्याच्या घाईत सगळे नेमकं तेच करतात. दोन चित्रांमध्ये आम्लरहित पातळ कागद घाला, तो मिळेपर्यंत निदान कोरा पांढरा. चित्रं आडवी, सपाट, फोल्डरमध्ये. गुंडाळी करू नका. आधीच गुंडाळलेली असतील तर जोर लावून उलगडू नका, रंगाच्या थराला तडा जातो. भिंतीला लागून ठेवू नका, जमिनीवर तर नाहीच. डांबराच्या गोळ्या कागदांत टाकू नका. कसर लागलेली दिसली तर तो गठ्ठा वेगळा बांधून मला दाखवा.

लॅमिनेट केलेल्यांना हात लावू नका. ते सोडवायला जाल तर रंगाचा थर त्याच्याबरोबर येईल. वाईट वाटतं सांगायला, पण ती जशी आहेत तशी त्यांची फोटो-नोंद करून ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे. हे सगळ्या ग्रुपवर टाका: मूळ चित्र कधीही लॅमिनेट करायचं नाही. प्रिंट काढा, प्रिंट लॅमिनेट करा.

आता प्रदर्शन. श्रावणात करू नका हो. नाशकात तेव्हा हवा किती दमट असते तुम्हाला माहीत आहे. साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की बुरशीला आमंत्रण. बंद फ्रेममध्ये काचेच्या आत ती ओल अडकून बसते. वर्षश्राद्धाला घरी किंवा शाळेत जमा, सरांच्या आठवणी सांगा. चित्रं डिसेंबर-जानेवारीत लावा, हवा कोरडी असते, उजेडही मऊ असतो.

आणि चारशेच्या चारशे फ्रेम करण्याचं मनातून काढून टाका. चाळीस निवडा. फ्रेममध्ये कागद काचेला चिकटता कामा नये, म्हणून मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच, तोही आम्लरहित. चित्र माउंटला फेव्हिकॉलने डकवायचं नाही, वरच्या कडेला कागदाच्या बिजागऱ्या लावून लटकवायचं. सेलोटेप तर घरातूनच बाहेर काढा. प्रदर्शनात उजेड कमी ठेवा. जलरंगांसाठी जगभर पन्नास लक्स (उजेडाचं माप) धरतात, म्हणजे आपल्याला जरा अंधूकच वाटेल इतका. जुन्या रंगपेट्यांतला अलिझरिन क्रिमसनसारखा लाल फार लवकर उडतो. सरांच्या संध्याकाळच्या आभाळात तो असणारच. बाजारातल्या झगझगीत हॅलोजनखाली लावलं तर ते आभाळ हळूहळू राखाडी होईल.

चाळीस फ्रेमचं मजुरीचं मी बघतो, फक्त माल तुम्ही आणा. माझा धाकटा भाऊ सरांच्याच हाताखाली इंटरमिजिएट, म्हणजे चित्रकलेची दुसरी ग्रेड परीक्षा, झालाय.

पंचवटीकर

माझं मत पुरस्काराचं. प्रदर्शन चार दिवसांत उतरतं, पुस्तक कपाटात जातं. पुरस्कार दरवर्षी असतो, दरवर्षी एकदा तरी सरांचं नाव घेतलं जातं. जिल्ह्यात चित्रकलेच्या शिक्षकांकडे कोण बघतं? एखाद्या तालुक्याच्या शाळेतल्या शिक्षकाला व्यासपीठावर बोलावून त्याचा सन्मान केला तर सरांना आवडलंच असतं.

दिंडोरीची कलाशिक्षिका

तिवंधेकर दादा, बांगडीचं वाचून कसं वाटलं ते सांगता येणार नाही. मीही त्याच वर्गातली, तुमच्यानंतरची. आज दिंडोरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. ती बांगडी मीही वापरते, फक्त आता मुलींच्या हातात प्लास्टिकच्या असतात.

पंचवटीकरांचं म्हणणं मला पटतं आणि नाहीही पटत. आम्हा कलाशिक्षकांकडे कुणी बघत नाही हे खरंच आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभराच्या वर मुलं असतील तर कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे थोड्या तासांपुरता शिक्षक, हवा असं लिहिलंय. अंशकालीन! म्हणजे तांब्याचं बूड समजवायला आठवड्यातून किती तास मिळणार ते तुम्हीच बघा. पण पुरस्काराचं पुढे काय होतं ते मी जवळून पाहिलंय. पहिली दोन वर्षं सगळे येतात, मग शाल-श्रीफळाचा खर्च कोण करणार यावर बैठका होतात, आणि ज्यांच्या नावाने तो द्यायचा त्यांनी काय केलं हे व्यासपीठावर कुणालाच सांगता येत नाही. सरांनी काय केलं हे आधी आपण मांडून ठेवू. मग पुरस्कार द्यायचा तर देऊ.

आणि सरांनी काय केलं याचा मोठा भाग त्या ट्रंकांमध्ये नाहीये. तो आपल्या घरांमध्ये आहे. म्हणून हे लिहितेय.

सर कधीही मुलाच्या चित्रावर पेन्सिल टेकवायचे नाहीत. तुम्हाला आठवत असेल. बहुतेक शिक्षक काय करतात? घाईत असतात, मुलाच्या हातातली पेन्सिल घेतात, दोन रेघा मारून चित्र सुधारून देतात. मीही नोकरीला लागले तेव्हा मला तसंच करायला सांगितलं गेलं होतं, ग्रेड परीक्षा जवळ आलीय, निकाल हवा. सर बाजूला बसायचे आणि कागदाच्या उजव्या समासात, काडेपेटीएवढ्या चौकोनात, जे चुकलंय तेवढंच काढून दाखवायचे. तांब्याचा फक्त गळा. केटलीची फक्त नळी जिथे पोटाला भेटते तो सांधा. खाली बारीक अक्षरात एखादा शब्द: "बघ", "सावली कुठून?", "घाई". एकदा माझ्या कागदावर होतं "छान चुकलीस". आणि निघून जायचे. चित्र सुधारायचं की नाही ते आपण ठरवायचं. चूक तशीच राहिली तरी तो कागद आपलाच राहायचा, त्यात दुसऱ्याचा हात नसायचा.

माझ्या आईने माझे सातवी-आठवीचे कागद जपून ठेवलेत. गेल्या दिवाळीला ते काढले, आणि माझ्या चित्रांकडे नाही, त्या समासांकडेच बघत बसले. दोन बाय दीड इंचातली ती रेखाटनं इतकी जिवंत आहेत! एका ठिकाणी घंगाळाची कडी आहे. तीन रेघांत कडीचं वजन कळतं, ती खाली लोंबतेय हे कळतं. सरांनी घाटावर बसून तासन्‌तास केलेल्या चित्रांइतकंच ते त्यांचं काम आहे. मला तर वाटतं त्याहून जास्त. घाटावरचं चित्र त्यांनी स्वतःसाठी काढलं, हे दुसऱ्याला दिसावं म्हणून काढलं, आणि वर्गातल्या पन्नास-साठ मुलांसाठी, दर आठवड्याला, नोकरीभर.

स्मरणचित्राचंही, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राचंही, तसंच. परीक्षेला विषय यायचे बाजार, सण, खेळ, आणि मुलं पुस्तकातली चित्रं पाठ करून जायची: तोच आंब्याचा डहाळा, तीच टोपलीवाली. सर आम्हाला बुधवारच्या बाजारात घेऊन जायचे, गंगेवर. कागद-पेन्सिल न्यायची नाही. हात पाठीमागे बांधून नुसतं बघत फिरायचं. दुसऱ्या दिवशी तासाला फळ्यावर काहीच लिहायचे नाहीत, नुसते विचारायचे. मेथीवाल्या आजी कुठल्या पायावर बसल्या होत्या? तराजू उजव्या हातात की डाव्या? पालाला टेकू बांबूचा होता की पाइपाचा? ज्याला आठवेल त्याने काढायचं, ज्याला आठवणार नाही त्याने पुढच्या बुधवारी पुन्हा जायचं. आमच्या वर्गात एकीनेही आंब्याचा डहाळा काढला नाही.

आता पालक विचारतात, मॅडम, इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत सात जादा गुण, बी ला पाच, सी ला तीन, बरोबर ना? बरोबर. त्या गुणांमुळे का होईना, मुलं रंगपेटी हातात घेतात, मी त्याला नावं ठेवत नाही. सर असते तर त्यांनीही नसती ठेवली. त्यांनी त्या मुलालाही बांगडीच दाखवली असती.

म्हणून माझं म्हणणं असं. प्रदर्शनात चाळीस चित्रं लावू तेव्हा एक भिंत समासांची ठेवू. ग्रुपवर सगळ्यांना सांगू की आपापल्या घरातले शाळेचे कागद शोधा. एलिमेंट्री या पहिल्या ग्रेड परीक्षेच्या सरावाचे, नक्षीकामाचे, अक्षरलेखनाचे, फाटके, चहा सांडलेले, कसेही. मुलाचं चित्र आणि शेजारी सरांचा चौकोन, दोन्ही एकत्र दिसू देत. शिक्षक कसा शिकवत होता हे सांगायला दुसरं काहीही एवढं उपयोगी नाही. आजच्या एटीडीच्या मुलांना आणून ती भिंत दाखवायला हवी. मी माझ्या शाळेची मुलं घेऊन येईन.

अक्षरजुळणी

पुस्तकाचा विषय निघालाय म्हणून व्यवहाराचं थोडं. छपाईत आहे, म्हणून सांगतो.

चित्राचा कागद ज्याच्याकडे आहे तो कागदाचा मालक, छापायच्या हक्काचा नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढची साठ वर्षं तो हक्क वारसांचा. म्हणजे सरांनी कुणाला लग्नात चित्र भेट दिलं असेल तरी ते कॅलेंडरवर छापायला काकूंची आणि मुलाची लेखी परवानगी लागेल. ती एका कागदावर आत्ताच घेऊन ठेवा. प्रेमाच्या कामात हे राहून जातं आणि पुढे त्यातूनच कटुता येते. समासातल्या रेखाटनांनाही हेच लागू. आणि त्याच कागदावर मुलाने केलेलं चित्र त्या मुलाचं, त्याचीही संमती विचारा.

पुस्तक आत्ता नको. आधी यादी. प्रत्येक चित्राच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने हलकेच क्रमांक. पेन नाही, स्टिकर नाही. वहीत त्या क्रमांकापुढे मोजमाप, तारीख-वेळ लिहिली असेल ती, जागा, कागदाची अवस्था. मग फोटो. छोटी चित्रं स्कॅनरवर 600 डीपीआयला (इंचाला सहाशे ठिपके), टिफ प्रकारच्या फाइलमध्ये. मोठी असतील तर कॅमेरा चित्राला अगदी समांतर, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशात सारखा मऊ उजेड, फ्लॅश बंद, आणि कडेला राखाडी कार्ड ठेवून, म्हणजे पुढे रंग जुळवता येतो. फाइली दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. हे झालं की पुस्तक कधीही निघेल, पुढच्या वर्षी काय, दहा वर्षांनी काय.

संस्थेला देणार असाल तर नुसती ट्रंक नेऊन देऊ नका. यादीसह दानपत्र करा, विकायचं नाही, बघायला मिळालं पाहिजे, अशा अटी त्यातच लिहा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं आहे, तिथे आणि कुसुमाग्रज स्मारकात विचारून बघा, प्रदर्शनासाठीसुद्धा.

तिवंधेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री काकूंना सगळं वाचून दाखवलं. समासांचं ऐकून त्या उठल्या आणि देवघराच्या कपाटातून एक बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. त्यात सरांनी जमवलेले पोरांचे कागद होते. जे परत न्यायला कुणी आलं नाही ते. त्यावर नावं आहेत, तुकडी आहे. दिंडोरीच्या ताई, त्यात तुमच्या वर्गाचेही असतील.

त्याच गठ्ठ्यात रामकुंडाच्या परिसराची सरांची काही पेन-रेखाटनं निघाली. कुंडांच्या पायऱ्या, मोऱ्या, पाण्यात उतरणारे दगड, एकेक मोजून काढल्यासारखे. यातली काही कुंडं आता काँक्रीटखाली आहेत. घाटावर 2027च्या सिंहस्थाची कामं निघालीत, आणखी काय काय बदलेल माहीत नाही. नदीवर काम करणाऱ्या एका मित्राला फोटो दाखवले तर तो म्हणाला की जुना घाट नेमका कसा होता याचा हा पुरावाच आहे, शिवाय तारखेसकट. सर रविवारी आनंदाने जाऊन बसायचे, त्याचं असंही मोल होईल असं आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. ही रेखाटनं आधी स्कॅन करतोय.

ग्रुपवर ठरलं ते असं: पैसे आधी कागद, फोल्डर आणि स्कॅनिंगला. इंदिरानगरला काकूंच्या खोलीत भिंतीपासून लांब एक लोखंडी कपाट, सपाट कप्प्यांचं. श्रावणात शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात नुसतं जमायचं, सरांच्या जुन्या बाकांवर बसून एक तास वस्तुचित्र काढायचं. तांब्या, घंगाळ आम्ही तांबट आळीतून आणतो. प्रदर्शन जानेवारीत, चाळीस चित्रं आणि समासांची भिंत. पुरस्काराऐवजी सध्या, पैसे उरले तर, दिंडोरीच्या ताईंच्या शाळेसारख्या दोन-तीन शाळांमधल्या मुलांची ग्रेड परीक्षेची फी आणि रंग. पंचवटीकर, तुमचा मुद्दा सोडलेला नाही, प्रदर्शनाच्या वेळी परत बोलू. तुम्ही या मात्र.

फ्रेमवाले दादा, एक विचारायचं राहिलं. डब्यातल्या बऱ्याच कागदांच्या कडांना जुनी पिवळी पडलेली सेलोटेप आहे, काही ठिकाणी तर बरोबर समासावरच. काढू का?

पंचवटीकर

येणारच. फीचं चांगलं सुचवलंत. एका शाळेची माझ्याकडे लागली, दरवर्षी.

दिंडोरीची कलाशिक्षिका

त्या डब्यात आठवी ब चे कागद असतील तर कृपया फोटो टाका. आमच्यातली एक मैत्रीण आता नाही, तिचा कागद असला तर तिच्या आईला दाखवायचाय.

फ्रेमवाला

टेप ओढू नका. कागदाचा पापुद्रा निघेल, सरांची रेघ त्याच्याबरोबर जाईल. केस वाळवायचं यंत्र वगैरे लावून प्रयोग करू नका, खाली जलरंग आहे. ज्या टेपा आपोआप सुटल्यात तेवढ्याच उचला, बाकी तशाच राहू द्या, प्रत्येक कागद कोऱ्या कागदात वेगळा घालून दुकानात आणा. मंगळवार सोडून कधीही, संध्याकाळी पाचनंतर. पाऊस असेल तर त्या दिवशी आणू नका.